सातव्या व्याख्यानापुढे कुलूप

दोल्ना लोझा,
३ नोव्हेंबर

चि. विहरा हिस,

अनेक आशीर्वाद. कामेन आणि मी, दोघं नवराबायको बरी आहोत, तुम्ही सोफियाची मंडळीही बरी असाल. कोबीचं पिंप भरून झालं. ल्युतेनित्साची चटणी यंदा जरा तिखट उतरली, मिरच्याच तशा आल्या होत्या. दोन बरण्या तुझ्या नावाने फडताळात ठेवल्या आहेत. नदीला पाणी कमी आहे, बार्ज वाळूत रुततात आणि धक्क्यावरची माणसं दिवसभर त्यांच्या नावाने खडे फोडतात. शाळेत मुलं आणखी घटली. माझ्या रसायनाच्या तासाला आता पुढची रांगसुद्धा पुरी भरत नाही.

हे झालं रीतीचं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

परवा जेवणं आटोपून मी कोठीच्या खोलीत गेले, संगणक लावला आणि तुझं सातवं व्याख्यान उघडायला गेले. त्याच्या जागी निळी पट्टी. हा अभ्यासक्रम यापुढे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना आणि वर्गणीदार सभासदांनाच पाहता येईल. शेजारी कुठल्याशा कंपनीचं, हिरवं पान फुटलेलं चिन्ह. आणि खाली, ‘विभागप्रमुख’ या शब्दाच्या वर, तुझं नाव.

मी पहिल्या व्याख्यानावर गेले, कुलूप. चौथ्यावर गेले, कुलूप. चित्रांचे तक्ते, शब्दांच्या याद्या, व्यायामाच्या चित्रफिती, खाली लोकांनी लिहिलेलं सगळं, कुलूप. एखाद्याच्या घरी रोज जावं आणि एक दिवस दारावर पाटी दिसावी की ‘आतले लोक हलले’, तसं झालं. फक्त आतले लोक हलले नव्हते. ते आत बसून पाटी लिहीत होते.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी ओरडले असते. आपलं घर केवढं ते तुला ठाऊक आहे, भिंतीपलीकडे कामेन असतो, आणि त्याला सगळं ऐकू येतं. ऐकू येतं आणि कळतं. म्हणून लिहिते आहे.

तू गेल्या वर्षी येऊन गेलीस त्यानंतर इथे काय काय झालं ते तुला माहीत नाही, कारण मी कळवलं नाही. का कळवलं नाही ते राहू दे. आता सांगते.

अर्धांगाच्या झटक्यानंतर कामेनचा पाय लवकर सुधारला. हात निम्मा सुधारला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. तीस वर्षं बंदराच्या रेडिओवर बोलून पोट भरलेला माणूस, नदीवरचे रुमानियन आणि सर्बियन कप्तान ज्याचा आवाज ओळखायचे तो, पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट दाखवायचा. पोरगा असल्यासारखा. आणि मी मूर्ख, त्याच्याशी मोठ्याने बोलायचे, जणू तो बहिरा झालाय. इथे वाचेवर उपचार करणारं कोणी नाही. जवळात जवळ जी बाई आहे तिच्याकडे जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात आणि तिचा नंबर उन्हाळ्यानंतरचा होता. हिवाळा असा गेला. शिक्षक म्हणून मला सांगायला लाज वाटते, पण मी हात टेकले होते.

मग मे महिन्यात आमच्या वाचनगृहातली सेव्दा, पुस्तकं देते ती, मला म्हणाली, “बाई, विद्यापीठाने वाचाघाताचा अख्खा अभ्यासक्रम फुकट लावलाय. कोणीही पाहावा. शिकवणारी बाई तुमच्यासारखी दिसते.”

माझ्यासारखी दिसणारच.

विहरा, मी तुला मोठी बहीण म्हणून आजवर कधी हे म्हटलं नाही, आज रागात म्हणते. तू फार चांगलं शिकवतेस. मला वाटलं होतं, दोन वाक्यं कळतील आणि पुढे सगळं डोक्यावरून जाईल. तसं झालं नाही. तिसऱ्या व्याख्यानात तू सांगतेस की भाषा मेंदूत एकाच पेटीत ठेवलेली नसते. विचार करून बोलायचं ते गेलं तरी जिभेला वळण पडलेलं बरंच शिल्लक असतं. आकडे, गाणी, प्रार्थना, शिव्या. तिथून सुरुवात करा, म्हणतेस. माणसाने आयुष्यभर जे शब्द झिजवलेत ते शोधा.

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून, त्याच्याकडे पाठ करून, मूठ तोंडापुढे धरून, कालिना बार्जचा कप्तान बोलावा तसं म्हटलं, “बंदर, बंदर, इथे कालिना. धक्का मोकळा आहे का?”

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि मागून आलं, “ऐकतोय, कालिना.”

तोच आवाज. थोडा घोगरा, पण तोच. मी वळले तर तो माझ्याकडे असा बघत होता, जणू हे दुसरंच कोणीतरी बोललं. मग रडायला लागला. मग एक शिवी दिली, स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. शेजारीण दार वाजवत आली, काय झालं म्हणून.

त्या दिवसापासून नोव्हेंबरपर्यंत आम्ही तुझ्या अभ्यासक्रमावर जगलो. मी आधी कोठीच्या खोलीत बसून ऐकायची, टिपणं काढायची, दुसऱ्या दिवशी त्याला करायला लावायची. तुझ्या तक्त्यांत अननस आणि जिराफ होते. कामेनने जिराफ कधी मागितला असता? मी नवे काढले: चूल, भाजलेली मिरची, बार्ज, रबरी बूट, डॉक्टर, तिकीट. तुमच्या पानावर सोय होती, म्हणून तिथे लावले. रुसेच्या एका नर्सने त्यात भर घातली. इटलीत म्हाताऱ्यांना सांभाळणारी आपली एक पेन्का आहे, पार्मात, तिने सांगितलं की डाव्या हाताने लिहिणाऱ्यांना रेघा मोठ्या हव्यात, तर मी पुन्हा काढले. ऑक्टोबरात तुझ्याच एका विद्यार्थिनीने खाली लिहिलं होतं की वर्गात आम्ही हेच तक्ते वापरले, कोणी काढले माहीत नाही, फार उपयोगी आहेत. बघ, तुझ्या वर्गाच्या भिंतीवर माझी भाजलेली मिरची लटकली होती आणि तुला पत्ता नव्हता.

आता ती मिरची वर्गणीदारांची.

सातव्या व्याख्यानात वाक्यं जोडायला शिकवणार होतीस. सहाव्याच्या शेवटी तसं म्हणाली होतीस. आमच्याकडे आता पुष्कळ शब्द आहेत आणि ते जोडायचे कसे ते कुलपात आहे.

कारण कळव.

ताई

*

दोल्ना लोझा,
२४ नोव्हेंबर

चि. विहरा,

आशीर्वाद. इथे पहिलं धुकं पडलंय. तब्येती ठीक.

तुझा फोन आला तेव्हा मी ‘हं’, ‘बरं’ एवढंच म्हणत होते. कारण मागे लिहिलं तेच. आता प्रत्येक ‘हं’चा अर्थ लिहून पाठवते.

तू म्हणालीस की विभागाचं छप्पर गळतं, आणि कंपनीने छप्पर, नवे कॅमेरे आणि खोल्या गरम ठेवायची यंत्रणा देऊ केली आहे. तुमचं छप्पर गळतं याचं मला वाईट वाटतं. पण ते छप्परही आमचंच आहे आणि ती व्याख्यानंही. शिक्षक म्हणून माझ्या पगारातून, धक्क्यावर राबलेल्या कामेनच्या पगारातून, जो कर गेला त्यावर तुमचं विद्यापीठ उभं आहे. विहिरीचं दोरखंड तुटलं म्हणून कोणी विहीर विकत नाही.

तू म्हणालीस, “ताई, फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही.” हे तू मला सांगतेस? तू ज्या शाळेत वाचायला शिकलीस ती फुकट होती. वाचनगृहातून पिशवी भरभरून पुस्तकं आणायचीस ती फुकट होती. किंमत राहिली नाही का त्यांची?

तू म्हणालीस, अर्धवट ज्ञानाने नातेवाईक रुग्णांचं नुकसान करतात. करत असतील. मी करत होते, ऐकण्याआधी. कामेनच्या कानात ओरडत होते, त्याच्या तोंडातले शब्द काढून घेत होते, तो ‘पा’ म्हणायच्या आत पाणी पुढे करत होते. ते मी तुझ्यामुळे थांबवलं. अज्ञानाला कुलूप लावायचं असतं की ज्ञानाला?

आणि स्लाव्चो आजोबांचं काय? तुझ्या दुसऱ्या आणि सहाव्या व्याख्यानात जे पेर्निकचे लाकूडकाम करणारे आजोबा दिसतात, खुर्ची या शब्दासाठी धडपडतात, कपाळ बडवून घेतात, रडतात, ते. त्यांच्या मुलीशी माझी ओळख तिथेच झाली, व्याख्यानाखाली. परवा फोनवर बोललो. ती म्हणाली, वडील कॅमेऱ्यासमोर बसायला कबूल होत नव्हते. लाज वाटत होती. तुम्ही त्यांना सांगितलंत की हे सर्वांसाठी खुलं असणार आहे, तुमच्यासारख्या घरोघरच्या लोकांना उपयोग होईल. तेव्हा त्यांनी स्वच्छ सदरा घातला आणि बसले. आजोबा आता गेले. त्यांचं ते रडणं आता वर्गणीवर मिळतं. त्यांच्या मुलीलाही आपल्या वडिलांना पाहायचं तर वर्गणी.

हे सगळं मी विद्यापीठाला उद्देशून लिहू शकले असते. तुला का लिहिते आहे, ते लिहायचं टाळत होते. पण गेले तीन दिवस मी मुलांना आम्ल आणि अल्कली शिकवताना मनात तुझ्याशीच भांडते आहे, तर आता लिहूनच टाकते.

तू गेल्या वर्षी ऑक्टोबरात आलीस. कामेन इस्पितळातून घरी येऊन आठवडा झाला होता. मी त्याची दाढी केली, नवा अंगरखा घातला, कारण विहरा येणार. विहरा, जी आपल्या घरातली पहिली प्राध्यापक. विहरा, जिची ट्रंक त्याने स्वतः खांद्यावरून वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर नेली होती, ज्या दिवशी बाबा नदीपलीकडे होते. तो सकाळपासून दाराकडे बघत होता. त्याला वाटत होतं, तू आलीस की मार्ग निघेल. मलाही.

तू आलीस, पलंगाच्या टोकाशी उभी राहिलीस, त्याचे कागद चाळलेस, आणि मला म्हणालीस, “ताई, डाव्या बाजूचं एवढं नुकसान झाल्यावर फार आशा धरू नकोस. सहा महिन्यांत येईल तेवढं येईल. त्यांचं आता हे असंच. तू तुझी तब्येत सांभाळ.”

त्याच्यासमोर. त्याच्या पायांवर हात ठेवून, पण माझ्याकडे बघत. मग कॉफी प्यायलीस आणि गाडी गाठायला गेलीस.

तू वळल्यावर तुला दिसलं नाही. त्याने तोंड भिंतीकडे केलं. हिवाळाभर त्याने तोंड भिंतीकडेच ठेवलं.

मग मे महिना. तुझं चौथं व्याख्यान. तू गडद हिरव्या कोटात, मागे फळा, आणि तू मुलींना सांगतेस, “खोलीत शिरल्यावर पहिलं वाक्य रुग्णाशी. नातेवाइकाशी नाही. त्याची भाषा गेली आहे, अक्कल गेलेली नाही. त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोललात तर तुम्ही त्याला जिवंतपणी खोलीबाहेर काढलंत.”

मी ते थांबवलं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हे. तुला सगळं माहीत होतं. हे व्याख्यान तू आमच्याकडे येण्याच्या आदल्या वर्षी दिलेलं आहे, तारीख खाली आहे. परक्या मुलींना तू जे शिकवलंस ते आपल्या घरात तुला सुचलं नाही. का, ते मला आजही कळत नाही. घाई होती? भीती वाटली? त्याला तसं पाहून तुझ्यातली प्राध्यापक पळाली आणि मागे राहिली ती नुसती घाबरलेली विहरा? तसं असेल तर तसं सांगायचंस. आम्ही तुला जवळ घेतलं असतं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. पहिल्यांदा मी तुझं व्याख्यान बाहेरच्या खोलीत लावलं होतं. तुझा आवाज ऐकताच कामेनने चांगल्या हाताने कप भिंतीवर फेकला. म्हणून मी कोठीत जाऊन, कानात इअरफोन घालून, चोरून ऐकत आले. त्याला वाटायचं, हे सगळं त्याच्या बायकोच्या डोक्यातून निघतंय. मी वाटू दिलं.

आता कुलूप लागल्यावर ते सांगणं भाग पडलं, कारण रोज सकाळी तो विचारायचा, “आज? काय?” आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. सांगितलं त्याला. विहराचं होतं सगळं. तिने बंद केलं.

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं आता सगळं मोडलं. मग म्हणाला, “चांगली... शिकवते.” आणि थोड्या वेळाने, “बंद? का?”

मी म्हटलं, मला माहीत नाही.

“सोफिया,” तो म्हणाला, आणि टोपी शोधायला लागला.

पुढच्या महिन्यात तुमच्या विभागाची खुली बैठक आहे असं पेर्निकची ती मुलगी सांगते. आम्ही येतोय.

ताई

*

दोल्ना लोझा,
१६ मार्च

विहरा,

नेहमीचा मायना आज जमत नाही, राग मानू नकोस. बर्फ गेलं. नदी भरून वाहते आहे. कामेनचा रक्तदाब ठीक आहे.

डिसेंबरातल्या बैठकीला तू आली नाहीस. प्राध्यापिका आजारी आहेत असं तुमच्या डीननी सांगितलं. टेबलावर तुझ्या नावाची पाटी होती, खुर्ची होती, पाण्याची बाटलीसुद्धा होती. तिथे काय झालं ते तुला इतरांनी सांगितलं असेल. माझ्याकडून ऐक.

आम्ही सात-आठ घरची माणसं होतो. स्लाव्चो आजोबांची मुलगी, रुसेची नर्स, वारनाहून एक नवराबायको, त्यातली बायको बोलू शकत नाही. तुमचे विद्यार्थीही पुष्कळ आले होते, मला वाटलं आम्हाला बघायला, पण ते आमच्या बाजूला येऊन बसले. डीन गोड माणूस. आमच्या भावना त्यांना समजतात, असं ते इतक्या वेळा म्हणाले की मला माझ्या भावनांची शंका यायला लागली. मी बोलले, आजोबांची मुलगी बोलली. डीननी सर्वांचे आभार मानले आणि फाइल मिटली.

तेव्हा कामेन उभा राहिला. ठरलेलं नव्हतं. पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला आणि म्हणाला, “उ...”

सगळे थांबले. “उ... उ...”

“उपचार,” डीन म्हणाले. “तुम्हाला उपचार हवेत. आम्ही पत्ता देतो.”

त्याने मान हलवली. “उ...”

“उपकार? नाही नाही, उपकार कसले, हे आमचं कर्तव्य आहे.”

कोणीतरी हसलं. कामेनचा चेहरा लाल झाला. मला ते वाक्य पुरं करता येत होतं, विहरा. मला ठाऊक होतं त्याला काय म्हणायचं आहे. मी जीभ चावून बसले. सहावं व्याख्यान: थांबा, वाट बघा, शब्द त्याचा आहे. डीन तिसऱ्यांदा तोंड उघडणार एवढ्यात मागच्या रांगेतली तुझी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, त्यांना बोलू द्या.” तिने तो स्वर कुठून आणला ते मी ओळखलं. तो तुझा स्वर होता.

मग सगळ्यांनी वाट पाहिली. किती वेळ, देव जाणे. आणि कामेन म्हणाला,

“उघडा.”

आणि खाली बसला. घामाने भिजला होता.

जानेवारीत तुमचं उत्तर आलं. करार झालेला आहे, बदल शक्य नाही, आम्हाला शुभेच्छा. पत्रावर तुझी सही नव्हती, हे मी पाहिलं. पण ‘नको’ असंही तू कुठे लिहिलेलं नव्हतं. गप्प बसलीस. गप्प बसणं हे ज्याच्यावर लादलं गेलंय अशा माणसाबरोबर मी राहते, त्यामुळे ज्याला बोलता येतं त्याचं गप्प बसणं मला आता सोसत नाही.

पुढचं तुला माहीत असेल, नसेल तर आता कळेल. सेव्दाने शोधून काढलं. तुमच्या जुन्या पानांची कोणीतरी इंटरनेटवर जतन केलेली प्रत तिला मिळाली, तिच्यात प्रत्येक व्याख्यानाखाली बारीक अक्षरात परवानगी लिहिलेली होती: कोणीही उतरवून घ्यावं, वाटावं, बदलावं, फक्त मूळ शिक्षकाचं नाव द्यावं आणि विकू नये. सेव्दा म्हणाली, “बाई, अशी परवानगी एकदा दिली की मागे घेता येत नाही. त्यांनी आपलं दुकान बंद करावं, पण जे लोकांच्या घरी गेलं ते गेलं.” ती माणसाला पुस्तकाची मुदत संपली तर दारात येऊन मागते, तेव्हा तिचं म्हणणं मी खरं मानलं.

लोकांच्या घरी काय गेलंय ते शोधायला आम्ही लागलो. पार्माची पेन्का जिच्याकडे राहते त्या म्हातारीच्या घरी नेट नाही, म्हणून तिने बाजारातल्या कॅफेत बसून एकेक व्याख्यान फोनमध्ये उतरवून ठेवलं होतं. तिच्याकडे बरीच निघाली. वारनाच्या नवऱ्याकडे तीन. चित्रांचे तक्ते माझ्याकडे होतेच. आमच्या वाचनगृहाच्या साध्या पानावर, नाटकाच्या तालमीच्या आणि विणकामवर्गाच्या बातम्यांखाली, सेव्दाने ते सगळं लावलं. वर तुझं नाव, मोठ्या अक्षरात. तो नियम आहे म्हणून नव्हे. ते तुझंच आहे म्हणून.

सातवं मिळालं. कामेन आता तीन-तीन शब्दांची वाक्यं जोडतो. परवा त्याने दुकानात जाऊन पाव आणला, आणि शिळा दिला म्हणून परत केला. तिथे भांडला. तीन शब्दांत भांडला. दुकानदार घरी येऊन माझ्याकडे तक्रार करून गेला आणि मी त्याला बसवून बानित्सा खाऊ घातली, इतका मला आनंद झाला होता.

पण शेवटची चार व्याख्यानं कोणाकडेच नव्हती.

फेब्रुवारीत कंपनीच्या वकिलाचं पत्र वाचनगृहाला आलं. सगळं काढून टाका. मूळ लेखिकेची लेखी तक्रार लवकरच सोबत जोडू, असं खाली होतं. म्हणजे कागद तुझ्या टेबलावर आला होता. सेव्दा घाबरली नाही, पण वाचनगृहाच्या समितीतले म्हातारे घाबरले. मी त्यांना म्हटलं, थांबा. तक्रार येऊ दे. मी असं म्हटलं खरं, पण रोज टपाल आलं की मी सेव्दाला विचारून यायची. मला वकिलाची भीती नव्हती. त्या कागदावर तुझी सही बघायची भीती होती. ती पाहिल्यावर मला तुला पुन्हा कधी पत्र लिहिता आलं नसतं.

तक्रार आली नाही. गेल्या मंगळवारी पाकीट आलं. आत एक छोटी डिस्क, बोटाएवढी. सेव्दाने लावून पाहिली. शेवटची चारही व्याख्यानं, सगळे तक्ते, आणि एक बारावं, जे तुमच्या पानावर कधी नव्हतंच. घरच्या माणसांसाठी. विभागातलं नाही ते. तुझ्या स्वयंपाकघरात बसून घेतलेलं आहे, मागे आईची घंगाळं दिसतात. प्रत्येकाच्या सुरुवातीला तीच परवानगी, तुझ्या आवाजात: कोणीही घ्यावं, कोणालाही द्यावं.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत एक ओळ नव्हती. ‘ताई’ एवढासुद्धा शब्द नव्हता.

त्या नोकरीत आता तुझं काय होईल, डीन काय म्हणतील, कंपनी काय करेल, मला माहीत नाही. तू मोठं काम केलंस हे मला कळतं. सेव्दाने ते लावल्याच्या दुसऱ्या दिवशी पेन्काने लिहिलं की तिच्या म्हातारीने मुलाचं नाव घेतलं. रुसेची नर्स बारावं व्याख्यान तिथल्या रुग्णांच्या घरच्यांना दाखवणार आहे. स्लाव्चो आजोबांची मुलगी आपल्या वडिलांना हवं तेव्हा बघते. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, आणि तरी मी तुझ्यावर रागावलेली आहे. सगळ्या जगाला तू उघडून दिलंस. आमच्या घराला एक ओळ लिहायला तुझा हात का अडतो?

वाचाघात नसलेल्या माणसाला शब्द सापडत नसले तर त्यावर कुठलं व्याख्यान आहे, तेही एकदा पाठव.

बारावं व्याख्यान आम्ही कोठीत नाही, बाहेरच्या खोलीत ऐकलं. मोठ्या आवाजात. कामेन शेवटपर्यंत बसला होता. कप त्याच्या हातात होता आणि त्यातली कॉफी त्याने प्यायली.

आत्ता पत्र संपवताना मी त्याला विचारलं, विहराला तुझ्याकडून काय लिहू? त्याने खिडकीकडे बघितलं. मी पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली. मधे दूधवाली येऊन गेली.

मग तो म्हणाला, “ये.”

मी लिहायला घेतलं तर त्याने हात वर केला, अजून आहे म्हणून.

“आणि... सांग. मला सांग.” माझ्याकडे बोट केलं. “हिला नाही.”

त्याचं वाक्य आहे. मी एकही शब्द घातलेला नाही.

रागावलेली, आणि दार लोटून ठेवलेली,
तुझी ताई
दोंका